सोनकांबळे सिस्टरांचा सायब

लोक भेटले की एकमेकांना ‘जेवण झालं का’ विचारतात. सोनकांबळे सिस्टर ‘पोट साफ झालं का’ विचारायच्या. मग समोर दूधवाला असो, नाहीतर भाडं घ्यायला आलेला घरमालक. नुसतं विचारून थांबायच्या नाहीत, उत्तर मिळेपर्यंत हलायच्याच नाहीत. माझे सासरे मुखेडहून पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांच्यावर हा प्रश्न येऊन आदळला. सासरे गावात मान असलेले गृहस्थ. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि हळूच म्हणाले की दोन दिवस झाले, नाही. संध्याकाळपर्यंत सिस्टरांनी त्यांना एरंडेल पाजलं. पुढं सासरे जेव्हा जेव्हा लातूरला आले, तेव्हा आधी सिस्टरांच्या दारात जाऊन हजेरी द्यायचे आणि मग आमच्या घरात शिरायचे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. उस्मानाबाद, नांदेड, बीड अशा चारी बाजूंनी बदलीची माणसं येऊन पडली होती. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या आणि त्यांचा रंग हाताला लागायचा. माझे यजमान त्यातल्याच एका कचेरीत कारकून होते, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. राहायला पत्र्याच्या चार खोल्यांची एक ओळ, शहाबादी फरशी, पुढं अरुंद ओटा. आमच्या भिंतीला भिंत लागून सिस्टर. त्या भोकरच्या सरकारी दवाखान्यातून बदलून आल्या होत्या. सोबत एक लोखंडी पेटी, एक कॉट, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या दोन तसबिरी, आणि एक कुत्रा.

कुत्र्याचं नाव सायब. भोकरच्या दवाखान्यात तो लहान पिल्लू असताना एकदा डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसला होता आणि उठायला तयार नव्हता, म्हणून सायब. गावठीच, तांबडा, एक कान पडलेला. या नावामुळं आमच्या गल्लीत सुरुवातीला बरेच घोटाळे झाले. सिस्टर ओट्यावरून ओरडून कुणाला तरी सांगायच्या की सायब आज दोनदा करून आला, लई खुशीत हाय, आणि आमच्याकडे चहाला बसलेला कचेरीतला माणूस कप हातात धरून थबकायचा.

सिस्टरांचा सगळ्या जगाबद्दल एकच सिद्धांत होता. तो म्हणजे आदत. माणूस रडतो ती आदत, उशिरा उठतो ती आदत, नवरा वरच्या आवाजात बोलतो तीही बायकोनं लावलेली आदत. "आदत लावली तर लागती, बाई. खामखा नशिबाला कशाला बोलायचं?" असं त्या दिवसातून चारदा म्हणायच्या. या सिद्धांताचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे गल्लीतली पोरं. पोर वर्षाचं झालं की त्याची आई त्याला सिस्टरांच्या ताब्यात द्यायची. सिस्टरांकडे कवायतीच्या मास्तरांसारखी एक टिनची शिट्टी होती. पोराला मोरीवर बसवायचं, शिट्टी वाजवायची, झालं की पाठ थोपटायची. तीन आठवड्यांत पोर तयार. माझा मुलगाही त्यांनीच तयार केला.

त्यात एकच अडचण निघाली. नवा जिल्हा झाल्यामुळं गंजगोलाईजवळच्या चौकात शिट्टीवाला पोलीस उभा राहायला लागला होता. एका रविवारी यजमान पोराला खांद्यावर घेऊन बाजारातून येत होते. पोलिसानं एका टांगेवाल्याला थांबवायला शिट्टी मारली, आणि यजमान इस्त्रीच्या शर्टासकट भिजून घरी आले. त्यांनी सिस्टरांकडे तक्रार केली. सिस्टर खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, किती पक्की बसली हाय.

सायब याच शाळेतला, पण पहिल्या नंबरचा. समोर एक मोकळा प्लॉट होता. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा सिस्टर त्याला तिथं न्यायच्या, शिट्टी वाजवायच्या, सायब जागेवर बसायचा. त्यांची ड्युटी लांबली तरी तो कुलूपबंद खोलीत तास न् तास धरून ठेवायचा. तेरा वर्षांत त्यानं एकदाही घरात केलं नव्हतं. हे सिस्टर कुणालाही ऐकवायच्या, विशेषतः ज्यांची पोरं अजून तयार नव्हती त्यांना.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा चुकला होता. आड आटला होता, नळाला नुसती हवा यायची. तीन दिवसाआड टँकर यायचा आणि गल्लीतल्या घागरी पहाटेपासून रांगेला लागायच्या. रांगेवर अर्थातच सिस्टरांचा अंमल होता. घरटी चार घागरी, लहान मूल असेल तर पाच, भांडायचं नाही, वाकून भरायचं, सांडायचं नाही. हा नियम त्यांनीच केला होता आणि टँकरवालासुद्धा त्यांच्याकडे बघून पाइप सोडायचा. पाणी कमी लागणं हीसुद्धा त्यांच्या मते आदतच होती. तांब्याभर पाण्यात आंघोळ कशी करायची हे त्यांनी साडी नेसलेल्या स्थितीतच सगळ्या बायकांना ओट्यावर करून दाखवलं होतं.

अशा दिवसांत एकदा त्या दुपारी ड्युटीवरून आल्या आणि त्यांना कॉटखाली ओलं दिसलं. आधी त्यांनी माठ तपासला. मग वर बघितलं आणि मला हाक मारून म्हणाल्या की पत्रा गळतोय बहुतेक, मालकाला सांगायला पाहिजे. दोन वर्षांत पाऊस नव्हता, पत्रा गळायला काय गळणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मांजरावर आळ घेतला. खिडकीला जाळी लावली. तिसऱ्या दिवशी सायबानं त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याकडे बघत बघत, उभ्या उभ्या फरशीवर केलं.

त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, दार आतून लावलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "बाई, सायब बिघडला." मी विचारलं, कोण, तुमच्या दवाखान्यातले? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मला कळलं.

त्यांची पहिली काळजी ही होती की गल्लीला समजू नये. पण चार खोल्यांच्या ओळीत फिनेलचा वास लपत नाही, आणि तारेवर रोज वाळणारी फडकीही लपत नाहीत. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं आणि सल्ले सुरू झाले. पलीकडच्या खोलीतल्या शिंपीणबाईंनी दृष्ट काढायला सांगितली. कुणी म्हणालं त्याचं नाक त्यात घासा, एक-दोन फटके द्या. सिस्टर या शेवटच्या सल्ल्यावर मात्र फार नाराज झाल्या. मारून आदत लागत नाही, भीती लागते, असं त्यांनी त्या माणसाला सुनावलं. सायबाच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नव्हता आणि तेव्हाही लावला नाही.

पण शिस्त मात्र सुरू झाली. दर तासाला शिट्टी. सायब प्लॉटवर जायचा, शिट्टी ऐकायचा, आठवल्यासारखं करून बसायचा, आणि घरात येऊन पुन्हा ओलं करायचा. मग त्या त्याला त्या ओल्या जागेपाशी बसवून समजावून सांगायच्या. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. तेरा वरसं लोकात मान राहिला, आता म्हातारपणी नाव घालवायलास व्हय, असं काहीतरी. सायब पडलेला कान अजून पाडून ऐकायचा. फरशी पुसायला पाणी लागायचं आणि पाणी तर नव्हतं. चार घागरींतली एक रोज सायबाच्या मागं जायला लागली. दवाखान्यात दिवसभर उभं राहून आलेली बाई गुडघ्यांवर बसून फरशी पुसायची. त्यांचा आवाज हळूहळू चढायला लागला.

शेवटी त्यांनी पाणी तोडलं. चार वाजले की सायबाचं जर्मनचं भांडं पालथं. आत गेलं नाही तर बाहेर कुठून येणार, असा साधा हिशेब होता. दिवस वैशाखाचे. पत्रा इतका तापायचा की आम्ही ओली गोणपाटं टाकून झोपायचो. सायब त्या पालथ्या भांड्यापाशी जाऊन बसायचा आणि नाकानं ते सरकवत राहायचा. भांडं फरशीवर घासल्याचा आवाज आमच्या खोलीत यायचा. एकदा मी काही मागायला गेले तर तो माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं चाटत होता. मी म्हणाले, सिस्टर, त्याला थोडं द्या की. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या की चार दिवस तकलीफ होईल, मग आदत लागेल.

चार दिवसांनी सायब उठला नाही. डोळे उघडे होते, शेपटी थोडी हलायची, पण पाय धरत नव्हते. माझ्या शाळेला सुट्टी होती. सिस्टरांनी त्याला आपल्या जुन्या पांढऱ्या साडीत गुंडाळलं, आम्ही सायकलरिक्षा केली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो. समोर म्हशी आणि बैल उभे होते, सगळ्यांच्या बरगड्या दिसत होत्या. साडीत गुंडाळलेला कुत्रा मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे सगळे शेतकरी बघत होते. एकानं विचारलं, हे काय दूध देतंय का? एरवी सिस्टरांनी त्या माणसाला त्याच्या पोटाबद्दल विचारून गप्प केलं असतं. त्या दिवशी त्यांनी ऐकलंच नाही.

डॉक्टर पंचविशीचा असेल. त्यानं सायबाच्या हिरड्या बघितल्या, पोटावरून हात फिरवला, पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. त्यानं वय विचारलं, पाणी किती पितो विचारलं. सिस्टरांनी पाणी बंद केल्याचं सांगितलं. त्यांच्या नर्सच्या साडीकडे बघून डॉक्टर क्षणभर थांबला.

"सिस्टर, याचं मूत्रपिंड थकलंय," तो म्हणाला. "याला तहान जास्त लागणार आणि होणारही जास्त. हा मुद्दाम करत नाही. त्याला धरवतच नाही आता. पाणी तोडलं तर त्यानंच जाईल."

त्यानं सलाइन लावलं. बरं होईल का, हे सिस्टरांनी विचारलं नाही. त्यांना उत्तर माहीत असणार. रिक्षात येताना त्या सायबाच्या पडलेल्या कानावरून अंगठा फिरवत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी भांडं सुलटं केलं, काठोकाठ भरलं आणि त्याच्या तोंडाशी धरलं. सायब प्याला, थांबला, पुन्हा प्याला. थोड्या वेळानं त्याच्याखालून ओघळ निघाला आणि कॉटपर्यंत गेला. सिस्टरांनी फडकं घेतलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. चार घागरी भरून झाल्यावर सिस्टर बाजूला झाल्या नाहीत. पदर खोचून तशाच उभ्या राहिल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की मला एक घागर जास्त लागते, कुत्र्यासाठी लागते, ज्याला नको वाटत असेल त्यानं आत्ता सांगावं. पाइपातून पाणी वाहत होतं म्हणून टँकरवाल्यानं पाइप हातानं दाबून धरला. शिंपीणबाई म्हणाल्या, अहो, इथं माणसाला मिळेना. ते खोटंही नव्हतं. त्यांच्या घरात सात माणसं होती. सिस्टर म्हणाल्या की मग माझ्या आंघोळीचं कापा, मी दवाखान्यात करून येईन. आणि खरंच त्यांनी पाचवी घागर भरली नाही. चारच नेल्या. त्या दिवसापासून त्या पिशवीत टॉवेल घालून ड्युटीवर जायला लागल्या.

हे मला बघवलं नाही. दुपारी पोराला निजवून मी त्यांच्याकडे गेले. सायब गोणपाटावर पडला होता आणि त्या कात्रीनं जुन्या पांढऱ्या साड्यांचे तुकडे करत होत्या, त्याच्या अंगाखाली घालायला. मी म्हणाले की एवढा त्रास घेऊ नका, तुम्हाला काय माहीत होतं, मुक्या जनावराचं कसं कळणार. त्या कापत राहिल्या.

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं. भोकरला असताना त्यांनी गावाकडनं आईला आणलं होतं. लग्न टिकलं नव्हतं, मूल नव्हतं. क्वार्टरमध्ये त्या दोघी आणि हा सायब, तेव्हा पिल्लू. तो आईच्याच कॉटखाली झोपायचा. आईचं वय झालेलं, अंथरुणात व्हायला लागलं. तोही असाच उन्हाळा होता आणि पाणी लांबून आणावं लागायचं. सकाळी ड्युटी, त्याआधी रोज गोधडी धुवायची. त्या आईला रागवायच्या. आणि मग त्यांनी दिवेलागणीनंतर आईचं पाणी बंद केलं.

"शिकल्याली बाई मी," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डातल्या म्हाताऱ्यास्नी मी सवता चमच्यानं पाणी पाजत होते. आन घरी आईला म्हणायचे, सकाळच्याला दीन, आता झोप."

कात्री थांबली होती.

"गावात हिरीला हात लावायचा न्हवता आमाला. आई घागर घिऊन तासतास बसायची, कुणी वरून वतलं तर आणायची. जल्मभर तिनं पाणी मागूनच आणलं. शेवटाला लेकीच्या घरात, लेकीच्या माठातलं मागून राहिली होती, आन म्या न्हाई म्हणलं. ती त्यानं गेली न्हाई बाई, तिचं वयच झालतं, डॉक्टर बी तसंच म्हणले. पर मागत गेली."

मी दुसरी कात्री आणली आणि त्यांच्यासोबत बसून तुकडे कापायला लागले. पांढऱ्या सुती साड्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही मोठा ढीग केला. मधे शिंपीणबाई आल्या, दारात उभ्या राहून ढीग बघितला, आणि कडेनं मशीन मारून देते म्हणजे दोरे निघणार नाहीत, असं म्हणून सगळे तुकडे उचलून घेऊन गेल्या. पाण्याचं त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या टँकरला सिस्टरांच्या दारात एक भरलेली घागर जास्त होती. कुणाची ते सिस्टरांनी विचारलं नाही.

सायब त्यानंतर दिवाळीपर्यंत जगला. मधल्या पावसाळ्यात थोडा पाऊस झाला होता, आडात हातभर पाणी आलं होतं. गेला तेव्हा सिस्टर ड्युटीवर नव्हत्या, त्याच्या जवळच होत्या. समोरच्या प्लॉटच्या कडेला त्याला पुरलं. आता तिथं एका कचेरीची तीन मजली इमारत आहे. पुढं सिस्टरांची बदली नांदेडला झाली आणि त्या तिथूनच निवृत्त झाल्या. पत्र यायचं, त्यात पहिली ओळ सासऱ्यांच्या पोटाबद्दल असायची. आम्हीही नंतर स्वतःचं घर बांधलं, त्या पत्र्याच्या खोल्या पडल्या. भिंती एवढ्या पातळ असलेल्या घरात मी पुन्हा कधी राहिले नाही.

त्या उरलेल्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत मी दुपारी वह्या तपासत बसायचे. पलीकडं सिस्टर ड्युटीवरून यायच्या, चप्पल काढायच्या, कुलूप ठेवायच्या. मग फडकं पिळल्याचा आवाज, आणि सिस्टरांचा, त्याआधी मी कधी ऐकला नव्हता असा हलका आवाज:

"झालं व्हय? होऊ दे. मी हाय की."